एचपीव्ही डीएनए चाचणी: पुण्यात करून घेताना कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पुण्यातल्या लॅबच्या दरपत्रकांत आता बऱ्याच ओळी दिसतात: साधी पॅप (मुखावरच्या पेशी काचेवर घेऊन पाहणं), द्रवातली पॅप म्हणजे एलबीसी, एचपीव्ही डीएनए (हा कॅन्सर घडवणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू शोधणं), पॅप आणि एचपीव्हीची जोडी आणि अलीकडे जनुकीय पॅनेल, म्हणजे आपली अनेक जनुकं एकदम तपासणं. महिलांच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये यातलं काय घातलंय आणि काय गाळलंय, हे बारीक अक्षरातली यादी वाचल्याशिवाय कळत नाही.

आमचा निष्कर्ष आधीच सांगतो. तिशी ओलांडलेल्या आणि काहीही त्रास नसलेल्या बाईने एकाच चाचणीवर पैसे घालायचे असतील, तर एचपीव्ही डीएनए चाचणी करावी, आणि तीही विषाणूचे १६ व १८ हे प्रकार वेगळे करून सांगणारी. निरोगी बाईने या कॅन्सरच्या भीतीपोटी जनुकीय पॅनेल घेऊ नये. ते पैसे वाया जातात, शिवाय रिपोर्ट 'नॉर्मल' आला की खरी तपासणी राहून जाते, आणि हा धोका जास्त मोठा आहे.

याचं कारण विषाणूच्या कामाच्या पद्धतीत आहे. एचपीव्हीचा सगळा डीएनए जेमतेम ८,००० अक्षरांचा. त्यातली ई६ आणि ई७ ही दोन जनुकं इथे महत्त्वाची. ई६ पासून बनलेलं प्रथिन आपल्याच पेशीतल्या एका एन्झाइमच्या मदतीने पी५३ हे प्रथिन नष्ट करवतं, आणि ई७ आरबी प्रथिन निकामी करतं. पी५३ आणि आरबी म्हणजे पेशीच्या बेलगाम वाढीवरचे दोन ब्रेक. इतर अनेक कॅन्सरमध्ये हे ब्रेक जनुकातल्या बदलामुळे तुटतात. इथे जनुक जागच्या जागी शाबूत असतं, पण त्यातून तयार झालेलं प्रथिन विषाणू टिकू देत नाही. म्हणूनच एचपीव्हीमुळे झालेल्या गाठीत टीपी५३ हे पी५३ बनवणारं जनुक तपासलं तर ते बहुतेक वेळा निर्दोष निघतं. गाठ हातात असताना जिथे हे जनुक निर्दोष दिसतं, तिथे निरोगी बाईच्या रक्तातलं टीपी५३ पाहून या कॅन्सरबद्दल काय कळणार?

जनुकांतले बदल नंतर येतात. लागण झालेल्या बहुतेक बायकांच्या शरीरातून विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्यातल्या काहींच्या पेशींत त्याचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात शिरतो. तसं होताना विषाणूचं ई२ जनुक बहुधा मोडतं. ई६ आणि ई७ ला आवर घालण्याचं काम ई२ चं असल्यामुळे ती दोन्ही मोकाट सुटतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास'च्या अभ्यासात एचपीव्ही १८ च्या सगळ्या गाठींमध्ये आणि १६ च्या सुमारे तीन चतुर्थांश गाठींमध्ये विषाणूचा डीएनए असा गुणसूत्रात शिरलेला सापडला. त्याच अभ्यासात सर्वांत जास्त वेळा बदललेल्या जनुकांमध्ये पीआयके३सीए होतं, सुमारे चौथा हिस्सा गाठींमध्ये. या जनुकातले नेहमी दिसणारे दोन बदल, ई५४२के आणि ई५४५के, एपोबेक नावाच्या एन्झाइमांच्या खुणेशी जुळतात. विषाणूंचा डीएनए बिघडवून टाकणं हे या एन्झाइमांचं काम. ते करताना ती आपल्या स्वतःच्या डीएनएवरही घाव घालतात. म्हणजे जनुकांतले कितीतरी बदल हे जुनाट लागणीचाच परिणाम असतात. लागण ते कॅन्सर हा प्रवास सहसा १० ते २० वर्षांचा. रोग पकडायचा तो याच काळात, आणि या काळात हमखास सापडण्यासारखी गोष्ट म्हणजे विषाणूचा डीएनए.

हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ साली गर्भाशयमुखाच्या गाठीतून एचपीव्ही १६ वेगळा केला आणि लगेच पुढे १८. त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. आणि तपासणीने जीव वाचतात याचा एक भक्कम पुरावा तर आपल्याच महाराष्ट्रातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने झालेल्या चाचणीत १,३१,७४६ बायका होत्या, वय ३० ते ५९. २००९ साली निकाल आला: आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी मिळालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा जवळजवळ निम्मे होते. एकदाच केलेल्या पॅपने किंवा व्हीआयएने (अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याने) तिथे तसा ठळक फरक पडला नाही. पुण्यात बसून ही चाचणी 'परदेशी फॅड' म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

आता लॅबचा विषय. फोन केल्यावर 'एचपीव्ही करता का?' एवढंच विचारून उपयोग नाही, कारण त्या एका नावाखाली वेगवेगळ्या वकुबाच्या चाचण्या चालतात. कोबास ही पीसीआर चाचणी १४ उच्च धोक्याचे प्रकार शोधते, त्यातले १६ आणि १८ वेगळे दाखवते, उरलेले १२ एकत्र. नमुन्यात मानवी पेशी पुरेशा होत्या की नाही, हे ती बीटा-ग्लोबिन जनुक तपासून स्वतःच पडताळते. एक्सपर्ट या दुसऱ्या पीसीआर चाचणीत सुमारे तासाभरात निकाल येतो. तिथे १६ वेगळा, १८ आणि ४५ एकत्र. गोव्याच्या मोलबायो कंपनीची मूळ ट्रूनॅट एचपीव्ही चिप १६, १८, ३१ आणि ४५ हे चारच प्रकार पाहते. छोट्या दवाखान्यात, बॅटरीवर चालणाऱ्या मशीनवर ती होते, हा तिचा मोठा गुण, पण तिचा निगेटिव्ह आणि १४ प्रकारांचा निगेटिव्ह एकाच वजनाचे नाहीत. जुनी हायब्रिड कॅप्चर पद्धत १३ प्रकार एकत्र दाखवते, कोणता ते सांगत नाही, आणि पेशी पुरेशा होत्या का हेही पडताळत नाही. ब्रश नीट लागलाच नसेल तरी तिथे 'निगेटिव्ह' येऊ शकतो. नव्याने पैसे भरणाऱ्याने ती निवडावी असं आम्हाला वाटत नाही.

म्हणून लॅबला विचारायचं ते असं: मशीन आणि किट कोणतं, किती प्रकार, १६ व १८ वेगळे देता का, पेशींची पडताळणी आहे का. काउंटरवरच्या मुलीला हे माहीत नसेल तर तिच्यावर वैतागू नका, लॅबच्या पॅथॉलॉजिस्टशी किंवा मायक्रोबायोलॉजिस्टशी बोलायचं आहे म्हणा. डेक्कनपासून हडपसर-चिंचवडपर्यंतची बरीच कलेक्शन सेंटर नमुना फक्त गोळा करून मुख्य लॅबला पाठवतात, त्यामुळे उत्तर तिकडूनच येणार. ६ आणि ११ यांसारखे कमी धोक्याचे प्रकार जोडून '२८ प्रकारांची चाचणी' म्हणून चढ्या दराने विकतात, ती घेऊ नये. ते प्रकार मस्से आणतात, कॅन्सर नाही. तपासणीत ते सापडून उपचार काही बदलत नाही, घरात मात्र नसता कलह सुरू होतो.

दराबद्दल: एचपीव्ही डीएनए साध्या पॅपपेक्षा बरीच महाग असते, आणि नमुना घेणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांची फी सहसा त्यात धरलेली नसते. रक्त काढणारा माणूस हा नमुना घेऊ शकत नाही, त्यामुळे 'घरी येऊन कलेक्शन' असं लिहिलेलं असलं तरी ते कसं करणार हे विचारा. पैसे वाचवण्याचा खरा मार्ग वेगळाच आहे. एचपीव्ही आणि पॅपची जोडी सरसकट घेऊ नका. नमुना एलबीसीच्या डबीत घ्यायला सांगा, आधी फक्त एचपीव्ही करवा, आणि पॉझिटिव्ह आला तरच त्याच डबीतून पॅप करा असं मागणीपत्रावर लिहून घ्या. याला रिफ्लेक्स सायटॉलॉजी म्हणतात. जोडी सरसकट घेतल्याने मिळणारा जादा फायदा फार थोडा असतो. फक्त पीसीआरसाठी असलेल्या डबीतल्या नमुन्यावर पॅप होत नाही, म्हणून डबी कोणती हे आधीच ठरवावं लागतं.

बहुतेक फसलेल्या चाचण्या मशीनमध्ये फसत नाहीत, नमुना घेतानाच फसतात. पाळीच्या दिवसांत जाऊ नये. पाळी सुरू झाल्यापासून १० ते २० या दिवसांतली वेळ चांगली. आधीचे ४८ तास योनीत क्रीम, गोळी घालू नये, आतून धुऊ नये, संबंध टाळावेत. तपासताना स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं दोन पात्यांचं उपकरण) लावून गर्भाशयमुख पूर्ण दिसलं पाहिजे. जेल लावायचंच तर अगदी थोडं, पात्याच्या बाहेरच्या बाजूला, कारण कार्बोमर असलेलं जेल नमुन्यात उतरलं की द्रवातली पॅप वाचता येत नाही. झाडूसारख्या ब्रशचे मधले लांब केस मुखाच्या छिद्रात, बाजूचे केस बाहेरच्या भागावर, आणि एकाच दिशेने ५ पूर्ण फेरे. जिथे आतलं आणि बाहेरचं अस्तर बदलतं तिथेच रोग सुरू होतो, म्हणून ब्रश त्या पट्ट्यावरून फिरायला हवा. रजोनिवृत्तीनंतर हा पट्टा आत सरकतो, तेव्हा आतल्या मार्गाचा वेगळा ब्रशही लागतो. मग थिनप्रेपची डबी असेल तर ब्रश तळाशी १० वेळा दाबून, गोल हलवून काढून टाकायचा. शुअरपाथ असेल तर ब्रशचं टोक डबीतच सोडायचं. या दोन पद्धतींची अदलाबदल झाली की पेशी ब्रशबरोबर कचऱ्यात जातात.

फॉर्मॅलिनमध्ये किंवा साध्या सलाइनमध्ये घालून पाठवलेला ब्रशही आम्ही चुकीचाच धरतो. फॉर्मॅलिन डीएनएला प्रथिनांशी जखडून ठेवतं, आणि सलाइनमध्ये पेशी टिकत नाहीत. नमुन्यात रक्त फार असेल तर पीसीआर अडते आणि 'इनव्हॅलिड' येतो. इनव्हॅलिड म्हणजे निगेटिव्ह नाही. पुन्हा नमुना द्यावा लागतो, आणि त्याचे पैसे लॅब पुन्हा घेते की नाही हे आधी विचारून ठेवलेलं बरं. डबीवर नाव आणि दुसरी एक ओळख, म्हणजे जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्या.

स्वतः नमुना घेण्याची सोय मिळत असेल तर ती कमी प्रतीची समजू नका. मऊ ब्रश किंवा स्वॅब योनीत साधारण ५ सेंटिमीटर आत घालून १०-३० सेकंद फिरवायचा, गर्भाशयमुखापर्यंत पोचायची गरज नाही. पीसीआरवर हा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरला आहे. हायब्रिड कॅप्चरसारख्या पद्धतीवर मात्र तो कमी पडतो. यातून पॅप करता येत नाही, म्हणून पॉझिटिव्ह आला तर तपासणीला जावंच लागतं. तपासणीच्या टेबलावर झोपायचं या संकोचापायी वर्षानुवर्षं टाळाटाळ करणाऱ्या आपल्या काकू, मावश्या, सासूबाई यांच्यासाठी ही पद्धत सर्वांत उपयोगाची आहे.

रिपोर्ट आल्यावर. १६ किंवा १८ पॉझिटिव्ह: मधे काही न करता थेट कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून पाहणं. पॅप नॉर्मल असली तरीही. 'इतर उच्च धोका' पॉझिटिव्ह: त्याच डबीतली पॅप, ती बिघडलेली असेल तर कोल्पोस्कोपी, नॉर्मल असेल तर वर्षाने पुन्हा चाचणी. निगेटिव्ह: पुढची ५ वर्षांनी. दरवर्षी करून घेणं निरर्थक आहे, कारण आज झालेल्या नव्या लागणीतून वर्षभरात कॅन्सर होत नाही आणि नाहक पॉझिटिव्ह मात्र वाढतात. तिशीच्या आत ही चाचणी नको म्हणतात तेही यामुळेच. त्या वयात लागण खूप जणींना होते आणि जाते. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांचं वेळापत्रक वेगळं: जागतिक आरोग्य संघटना २५ व्या वर्षापासून दर ३ ते ५ वर्षांनी सांगते. या गटातल्या तपासणीवर पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने बरंच काम केलेलं आहे. काही रिपोर्टवर सीटी आकडा, म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीत विषाणू दिसला तो आकडा, छापलेला असतो. तो कमी-जास्त असण्यावरून रोग किती वाढला हे ठरत नाही, त्यावर रात्र जागवू नये.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि नवऱ्याने किंवा बायकोने आत्ता कुठे काही केलं याचा पुरावाही नव्हे. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. समुपदेशनाशिवाय हा रिपोर्ट थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्या लॅबला आम्ही या एका बाबतीत नापास करतो.

पॅपबद्दल थोडक्यात. कॅनडातल्या २००७ च्या मोठ्या तुलनेत एका पॅपने कॅन्सरपूर्व मध्यम ते तीव्र बदलांपैकी सुमारे ५५ टक्के पकडले, एचपीव्ही चाचणीने सुमारे ९५ टक्के. साध्या पॅपची काच लगेच अल्कोहोलमध्ये बुडवली नाही तर पेशी वाळून केंद्रकं फुगतात आणि वाचणाराही चुकतो. पॅप दर ३ वर्षांनी नियमित केली तरच ती कामाची. व्हीआयए, म्हणजे ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून एक मिनिटाने पाहणं, हा सरकारी कार्यक्रमाचा मार्ग आहे, ३० ते ६५ वयासाठी दर ५ वर्षांनी. डोळा तयार असेल तर चांगली. मुंबईत टाटा मेमोरियलने झोपडवस्त्यांत आरोग्यसेविकांकडून ती दर दोन वर्षांनी करून घेतली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पन्नाशीनंतर तिचा भरवसा कमी होतो. पण पैशाअभावी काहीच न करण्यापेक्षा ती जरूर करावी.

काही बायकांनी या सगळ्यात पडूच नये. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दुर्गंधीचं पाणी जाणं यापैकी काही असेल, तर एचपीव्ही चाचणीची वाट पाहायची नाही. स्पेक्युलमने पाहणी आणि दिसेल तिथून बायॉप्सी. त्यामागे दोन कारणं आहेत. विषाणू गुणसूत्रात शिरताना त्याचा एल१ हा भाग (बाहेरच्या कवचाचं जनुक) हरवू शकतो आणि एल१ शोधणाऱ्या चाचण्या तेव्हा चुकू शकतात. दुसरं, गर्भाशयमुखाचे थोडे कॅन्सर एचपीव्हीविना होतात. जठरासारख्या पेशींचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा त्यातला मुख्य. त्याचा संबंध कधी कधी एसटीके११ या जनुकातल्या जन्मजात बदलाशी, म्हणजे प्युट्झ-येगर्स सिंड्रोमशी असतो. ओठांवर गडद ठिपके, आतड्यात पॉलिप, घरात असे रुग्ण, अशा बाईने मात्र जनुकीय समुपदेशन जरूर घ्यावं. रक्तावरच्या जनुकीय चाचणीचं या कॅन्सरच्या संदर्भातलं खरं काम एवढंच. बीआरसीए जनुकांचं पॅनेल स्तन आणि बीजकोशाच्या धोक्याबद्दल सांगतं, गर्भाशयमुखाबद्दल नाही.

पिशवी मुखासकट काढलेली असेल आणि आधी कधी गंभीर बदल सापडले नसतील, तर तपासणी लागत नाही. मुख ठेवून पिशवी काढली असेल तर लागते, म्हणून डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. लस घेतलेल्यांनाही तपासणी लागतेच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चारांवर आहे. बाकीचे उच्च धोक्याचे प्रकार उरतात, आणि आधीच झालेली लागण लस घालवत नाही. लशीत फक्त एल१ प्रथिनाचे पोकळ कण असतात, डीएनए नसतो. तेव्हा लशीमुळे चाचणी पॉझिटिव्ह येते ही अफवा खोटी आहे.

शेवटी गाठीवरचं जनुकीय पॅनेल. ते निदान झालेल्या, त्यातही परतलेल्या किंवा पसरलेल्या रोगासाठी आहे. तिथेही आधी स्वस्त चाचण्या कराव्यात: पीडी-एल१ (गाठीला प्रतिकारशक्तीपासून लपवणारं प्रथिन), कारण त्याचा सीपीएस हा गुणांक १ किंवा जास्त असेल तर केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या औषधाचा विचार होतो, एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) प्रथिनं, एचईआर२ (पेशींची वाढ चालवणारं प्रथिन). या तिन्ही साध्या काचेवरच्या रंगचाचण्या आहेत, आणि उपचाराचे बरेच निर्णय त्यावरच होतात. मोठ्या पॅनेलमध्ये पीआयके३सीए बदल सापडला म्हणून या कॅन्सरसाठी मंजूर असं त्याच्यावरचं औषध हाती लागत नाही, ही गोष्ट पैसे भरण्याआधी नातेवाइकांना स्पष्ट सांगितलीच पाहिजे. करायचंच ठरलं तर तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास राहिलेला असावा आणि निवडलेल्या भागात किमान २० टक्के पेशी गाठीच्या असाव्यात. नाहीतर 'बदल आढळला नाही' याचा अर्थ फक्त 'नमुना अपुरा' असा असू शकतो. रेडिएशननंतरच्या तुकड्यात गाठीच्या पेशी कमी उरतात, म्हणून उपचारापूर्वीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, मागा. तो हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज करून मिळतो. लॅबला देताना पावतीवर ब्लॉक क्रमांक लिहून घ्या आणि काम झाल्यावर तो परत आणून जमा करा, कारण पुढच्या चाचणीला तोच लागणार असतो.